बेडकातला 'बे'

भाची बेडूक रंगवत होती. हिरवा तेलखडू संपत आलेला, त्याचा कागद सोलून उरलेला तुकडा चिमटीत धरून ती जोर लावून घासत होती, बोटं पार हिरवी झालेली आणि सगळ्या खोलीत तो मेणकट वास. मान वर न करताच तिनं विचारलं, "मावशी, बेसूर म्हणजे सूर नाही ना?" मी म्हटलं हो. "आणि बेघर म्हणजे घर नाही." हो. "बेरंग म्हणजे रंग नाही." हो गं. "मग बेडूक म्हणजे ज्याला डूक नाही तो का? डूक कुठे असतं?" ती गंमत करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणजे चित्रात चुकून ते डूक काढलं जायला नको. मी सांगितलं की बेडूक हा अख्खाच शब्द आहे, त्यातला 'बे' वेगळा निघत नाही. तिनं तुकडा खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "कशावरून?"

उत्तर मी काहीतरी दिलं, ती परत रंगवायला लागली, पण तो 'कशावरून' माझ्या डोक्यातून गेला नाही. बेसूर मला दोन तुकड्यांचा वाटतो आणि बेडूक अखंड वाटतो, हे वाटणं येतं कुठून? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला कापायचं कसं सुचलं? 'उपसर्ग' हा शब्द तिच्या कानावरूनही गेलेला नाही अजून. बेसूर, बेघर, बेरंग हे शब्द कुणी तिला एका रांगेत मांडून दाखवले नव्हते, ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या तोंडून, मोठ्यांच्या बोलण्यातून तिच्यापर्यंत आले, आणि तिनं मनातल्या मनात ते शेजारी शेजारी ठेवले, सारखा भाग ओळखला, त्याचा अर्थ ठरवला, आणि मग पुढचा जो शब्द 'बे'नं सुरू होईल त्याला तो नियम लावून बघितला. हेच तर सगळे भाषाअभ्यासक करतात, फक्त त्यांच्याकडे मोठमोठे कोश असतात आणि हिच्याकडे एक हिरवा खडू होता. आणि डूख नावाचा शब्द मराठीत आहेच की, साप डूख धरतो म्हणतात, म्हणजे तिचा घाव एका खऱ्या शब्दाच्या अगदी जवळ पडला होता.

साधं उत्तर असं की तुकडा वेगळा मानायचा तर तो इतर ठिकाणी तेच काम करताना सापडायला हवा. बेसूरमधला बे बेघरमध्ये सापडतो, बेवारसमध्ये सापडतो, आणि मागे उरलेलं सूर, घर, वारस हे एकेकटेही बोलण्यात असतात. बेडूकमध्ये 'नसणं' काही नाही आणि डूक नावाची वस्तू कुणी बघितलेली नाही. झालं, निकाल लागला. पण हे उत्तर मला फार वेळ पुरलं नाही. शेजारीपाजारी घ्या. शेजारी ओळखीचे, पण पाजारी एकटे कधी कुणाला भेटलेत? बारीकसारीकमधला सारीक, सटरफटरमधला फटर, यांचा स्वतंत्र संसार कुठेच नाही, तरी कुठलाही मराठी माणूस डोळे मिटून सांगेल की जोड नेमका कुठे आहे. आणि बेफाम? त्यात 'बे' मला स्पष्ट ऐकू येतो, लगाम नसल्याचा अर्थही जाणवतो, पण फाम म्हणजे काय हे आज किती जण सांगतील? तो फारसीतला फहम आहे, म्हणजे समज, उमज. समज सुटलेला तो बेफाम. मूळ शब्द बोलण्यातून जवळजवळ पुसला गेला आणि त्याच्या नसण्याचा शब्द मात्र ठणठणीत उरला. तसाच बेमालूम, ज्याचा कुणाला पत्ता लागत नाही तो, कारण मालूम म्हणजे कळलेलं.

या 'बे'चं मला कौतुक वाटतं कारण तो आला फारसीतून, पण इथे आल्यावर त्यानं जातपात बघितली नाही. संस्कृतातल्या शुद्धला लागून बेशुद्ध झाला, शुद्धवरून कुणाची शुद्ध हरपेल असं संस्कृत पंडितांच्या स्वप्नातही आलं नसेल. त्याचाच भाऊ 'ना' थेट इंग्रजी पासला चिकटला आणि नापास झाला, एवढ्याशा तीन अक्षरांत इराण आणि इंग्लंड. 'गैर' अरबी आणि समज आपला, तो गैरसमज. भांडणारा तो भांडखोर, त्यात भांड मराठी आणि खोर फारसी. शब्दांचे असे संसार बघितले की भाषाशुद्धीचे सगळे वाद मला फार पोरके वाटायला लागतात.

शाळेत हे सगळं आम्हाला तक्त्यात भेटलं होतं. उपसर्गघटित, प्रत्ययघटित, सिद्ध, साधित, धातुसाधित, एकेका रकान्यात चार चार उदाहरणं आणि ती पाठ करायची. त्या तक्त्यांनी कितीजणांच्या मनातून व्याकरण कायमचं उतरवलं असेल याचा विचार केला की मला अजून वाईट वाटतं, कारण आतला माल सोन्यासारखा होता. मला तो दिसला तो एका संस्कृतच्या बाईंमुळे. एका दुपारी त्यांनी फळ्यावर मधोमध 'हार' एवढंच लिहिलं. मग त्याच्या मागे खडूनं 'आ' लिहिला, वाचला, पुसला, 'वि' लिहिला, वाचला, पुसला. आहार, विहार. प्र, सं, परि, उप, अप. प्रहार, संहार, परिहार, उपहार, अपहार. हार तसाच जागेवर आणि डावीकडचा भाग पुसून पुसून पांढरा धुरकट झालेला, बाईंच्या बाहीवर खडूची पूड. मग म्हणाल्या, आता दोन दोन लावू, आणि वि आणि अव मिळून व्यवहार केला, अधि आणि आ मिळून अध्याहार केला. एकच हृ धातू, नेणं किंवा आणणं एवढाच त्याचा साधा अर्थ, पण मागे कोण उभं आहे त्यावर तो कधी जेवतो, कधी फिरतो, कधी मारतो. जुन्या वैयाकरणांचा एक श्लोक आहे, त्यात म्हटलंय की उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीनं दुसरीकडे नेतो, आणि उदाहरणं हीच आहेत, प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. त्यातला तो 'बलात्' शब्द मला तेव्हाही आवडला होता. प्र आणि वि यांना एकेकटं उभं राहता येत नाही, वाक्यात कुठे पाय टेकायला जागा नाही, आणि तेच एवढ्या मोठ्या धातूला मानगूट धरून नेतात.

पण हृचा हार झाला कसा, हे बाईंनी त्या दिवशी सांगितलं नाही. ते कळायला बरीच वर्षं जावी लागली आणि कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

पाणिनीनं जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वी सुमारे ४००० सूत्रांत अख्खी संस्कृत भाषा बसवली हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, सोबत सुमारे २००० धातूंची यादी. मोठेपणा आकड्यांचा नाहीच पण. प्रत्ययांची त्यानं जी नावं ठेवलीत ती बघा. एक प्रत्यय आहे घञ्. हा धातूला लागतो तेव्हा त्यातला घ उडून जातो, ञ उडून जातो, आणि उरतो फक्त अ. मग घ आणि ञ लावले कशाला? तर ते जाता जाता काम करून जातात. त्यज् म्हणजे सोडणं. त्याला घञ् लावा. ञ आहे म्हणून त्यजमधला अ ताणला जाऊन आ होतो. घ आहे म्हणून ज चा ग होतो. आणि हाती येतो त्याग. पच् चा पाक तसाच, आणि हृ चा हार पण तसाच. ती दोन अक्षरं उच्चारात कुणालाच ऐकू येत नाहीत, फक्त त्यांच्या येऊन गेल्याच्या खुणा शब्दावर राहतात. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे क्विप्. हा प्रत्यय लागतो आणि अख्खा नाहीसा होतो, क जातो, व जातो, इ जातो, प जातो, शिल्लक शून्य. तरीही तो लागला होता हे कळतं, कारण ऱ्हस्व स्वरात संपणाऱ्या धातूच्या शेवटी त्याच्यातल्या प मुळे एक त् येऊन बसतो. जि म्हणजे जिंकणं. विश्व जिंकणारा, विश्व अधिक जि अधिक जे उरलंच नाही ते, आणि झाला विश्वजित्. इंद्रजित्, अभिजित्, सगळे असेच. वर्गात दोन दोन अभिजित असायचे आमच्या, त्यांच्या नावाच्या टोकाला एका नसलेल्या प्रत्ययाची खूण आहे हे त्यांना तरी कुठे माहीत असणार. काहीच नसणं हे सुद्धा एक लावता येण्यासारखं काही आहे, असं ज्या माणसाला पहिल्यांदा सुचलं असेल त्याच्याबद्दल मला जे वाटतं ते आदराच्या पलीकडचं आहे.

मराठीनं हे सगळं जसंच्या तसं ठेवलं नाही, पण त्याचा वास आपल्या रोजच्या क्रियापदांना अजून येतो. मरणे आणि मारणे. पडणे, पाडणे. जळणे, जाळणे. गळणे, गाळणे, टळणे आणि टाळणे. बाहेरून काही चिकटवलेलं नाही, आतलाच अ ताणला आणि आपोआप होणारी गोष्ट कुणीतरी करवलेली झाली. जीव जातो आणि जीव घेतला जातो यातला सगळा फरक एका काना एवढा. तुटणेचं तोडणे आणि सुटणेचं सोडणे होतं तेव्हा तर स्वराबरोबर व्यंजनही बदलतं. नंतर मराठीला दुसरी सोपी वाट सापडली, मधे 'अव' घालायचा, बसणे बसवणे, हसणे हसवणे, आणि लहान मुलांना हीच वाट पसंत असते, म्हणून त्यांच्या तोंडी 'त्यानं मला पडवलं' येतं. घरातलं मोठं माणूस लगेच म्हणतं, पाडलं म्हणावं. म्हणावं, बरोबर आहे, पण पडवलं मध्ये त्या पोरानं एक जिवंत नियम वापरलाय आणि पाडलं मध्ये आपण एक वारसा सांभाळतोय, आणि मला दोन्ही ऐकायला आवडतं.

आतून बदलण्याची ही तऱ्हा अरबीत बघावी. तिथे धातू म्हणजे फक्त तीन व्यंजनं, नुसता सांगाडा, आणि स्वर वेगवेगळे भरले की वेगवेगळे शब्द उठून उभे राहतात. आपल्याला वाटतं हे काहीतरी दूरचं आहे, पण ते आपल्या तोंडात कधीचं येऊन बसलंय. न ज र. नजर म्हणजे बघणं आणि मंजूर म्हणजे बघितलेलं, नजरेखालून गेलेलं, म्हणून मान्य. जप्त आणि मजबूत एकाच सांगाड्यातले, एकात आवळून धरणं आहे आणि दुसऱ्यात आवळून घट्ट झालेलं. हाशील आणि महसूल एकाच घरचे. मालूम आणि तालीम यांचा सांगाडा एकच, कळणं आणि शिकवणं. अंमलदार आणि मामलेदार या दोघांचं मूळ एकच निघतं. पुढे म आणि मधे ऊ, ही घडण एकदा लक्षात आली की मंजूर, मजकूर, मजबूत, महसूल हे सगळे एका साच्यातून काढलेले दिसायला लागतात. मी त्या नादात मजूर हा शब्दही त्याच साच्यात घालून बघितला, पण तो नाही बसत, तो फारसी मजदूर, मुज्द म्हणजे मजुरी, तिचा धनी. दिसायला मंजूरचा जुळा आणि रक्ताचं नातं शून्य. आणि सल्लामसलत! किती सहज म्हणतो आपण, जोडशब्द म्हणून. सल्ला आणि मसलत, दोन्ही एकाच तीन व्यंजनांतून आलेले. एकाच माणसाला दोन खुर्च्यांवर बसवून आपण त्याचा विचार घेतोय.

मराठीची स्वतःची हौस मात्र शेपटाकडे आहे. मला एक शब्द फार आवडतो, कोशात मिळणार नाही पण कुणीही सहज बोलून जाईल असा: घरासमोरच्यांनासुद्धा. 'घरासमोरच्यांनासुद्धा माहीत नव्हतं.' हळूहळू सोलून बघा. घर. मग आ, ज्याला स्वतःचा काही अर्थ नाही, तो फक्त सांगतो की पुढे काहीतरी येतंय. समोर. मग चा, पण चा राहत नाही, च्या होतो, कारण त्याच्याही पुढे काहीतरी येतंय. मग एक टिंब, एवढंसं, आणि त्या टिंबात समोरचा एक माणूस न राहता अनेक झाली. मग ना. मग सुद्धा. एका दमात सात तुकडे, आणि त्यातला एकही इकडचा तिकडे हलवता येत नाही. तुर्कीत असंच चालतं, एव म्हणजे घर, एवलेर घरं, एवलेरिमिझ आमची घरं, एवलेरिमिझदे आमच्या घरांत, प्रत्येक डब्याचं काम वेगळं आणि जोड स्वच्छ. फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये तर प्रत्यय शब्दाच्या पोटात शिरतो, सुलात म्हणजे लिहिणं, त्याचं सुमुलात होतं. पण आपल्याकडचा जोड तुर्कीइतका स्वच्छ नसतो, जोडताना मूळ शब्द थोडा वाकतो, झिजतो, आणि त्या वाकलेल्या रूपाला आपण सामान्यरूप असं अगदीच साधं नाव देऊन ठेवलंय. व्याकरणात मूळ शब्दाला प्रकृती म्हणतात. प्रत्ययासमोर प्रत्येकाची प्रकृती वेगळी वागते, घोडाचं घोड्या होतं, भाऊचं भावा, सूनचं सुने, आणि शरीर मात्र शरीराला म्हणताना आपला दीर्घ ई सोडत नाही, संस्कृतातून सरळ आलेल्यांचा तेवढा मान लिहिताना राखतात.

इथे तो बेडूक परत उडी मारून आला.

कारण बेडूकला प्रत्यय लावला की आपण बेडूकला म्हणत नाही, बेडकाला म्हणतो. ऊ गेला. माणूस माणसाला, कापूस कापसाला, लाकूड लाकडाला, तारीख तारखेला, बेरीज बेरजेला. पण जमीन जमनीला होत नाही, जमिनीला होते. विहीर विहिरीला, वकील वकिलाला, गरीब गरिबाला. इथे मधला ई फक्त आखूड झाला, गेला नाही. फरक काय? तर पहिलं अक्षर. बे, मा, का, ला, ता, पहिलं अक्षर लांब असलं की मधला ई किंवा ऊ पार पुसला जातो. ज, वि, व, ग, पहिलं आखूड असलं की तो नुसता अंग चोरून उभा राहतो. शुद्धलेखनाच्या नियमांत हे लिहिलेलं आहे, पण नियम वाचून कुणी बोलत नाही. माणूस संस्कृताकडून आलाय, तारीख अरबीतून, बेडूक त्याच्या त्याच्या डबक्यातून, पण ला समोर दिसला की तिघंही सारखंच वागतात. आता हे करून बघा, मी घडवलेले दोन शब्द देते, आजपर्यंत कुणी वापरले नसतील: टामूस आणि रटीप. टामूसला काय करणार तुम्ही? टामसाला. आणि रटीपला? रटिपाला. कुणी सांगितलं?

अमेरिकेत जीन बर्को नावाच्या बाईंनी १९५८ साली हेच लहान मुलांवर करून बघितलं होतं. पक्ष्यासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचं चित्र, त्याचं नाव वग, आणि मग तसेच दोन, आणि आता हे दोन काय? चार ते सात वर्षांची मुलं, त्यांनी तो शब्द जन्मात ऐकलेला नव्हता, कारण तो नव्हताच, तरी बहुतेकांनी बरोबर अनेकवचन करून दिलं. म्हणजे पोरं नुसती ऐकलेली रूपं साठवत नाहीत, जोडायची रीत त्यांच्याकडे असते. मी भाचीला एक फिंगडा काढून दाखवला, वाकडा तिकडा, तीन पायांचा. दुसरा काढला. 'फिंगडे,' ती म्हणाली, मी विचारायच्या आत. मग स्वतःच एका छोट्याकडे बोट दाखवून म्हणाली, 'ही फिंगडी. फिंगड्याची मुलगी.' लिंग, वचन, सामान्यरूप, षष्ठी, सगळं आलं, आणि माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला. आपण मुलांना व्याकरण शिकवतो म्हणतो. जे त्यांच्याकडे आहे त्याची आपण फक्त नावं सांगतो, आणि तीही अशा सुरात की त्यांना वाटावं हे आपल्याला कधी जमणारच नाही.

तिनं बेडूक भलत्या जागी कापला, पण भलत्या जागी कापण्याचं मला आता तितकं वावडं राहिलेलं नाही. असुर हा शब्द घ्या. ऋग्वेदातल्या सगळ्यात जुन्या भागांत असुर वरुणासारख्या देवांनाच म्हटलंय, त्यात 'अ' नकाराचा नाही, जुन्या इराणी धर्मातल्या अहुरा या देवाच्या नावाचा तो सख्खा नातेवाईक. पुढे कुणाला तरी त्यात अ आणि सुर असे दोन तुकडे दिसले. असुर म्हणजे सुर नसलेले, तर मग सुर म्हणजे देव! आणि सुर हा शब्द जन्माला आला, सुरलोक झाला, सुरेश झाला, सुरेंद्र झाला. विधवाचंही तसंच, लॅटिनमध्ये विदुआ, इंग्रजीत विडो, सगळीकडे तो अखंड शब्द आहे, पण इथे त्यात वि आणि धव दिसले आणि धव म्हणजे नवरा असा शब्द तयार झाला, मग सधवा. हेलिकॉप्टर हा १८६१ साली फ्रेंचमध्ये घडवलेला शब्द, हेलिको म्हणजे मळसूत्री आणि प्टेर म्हणजे पंख, पण ग्रीक कुणाला येतंय, लोकांनी हेलि आणि कॉप्टर असा कापला, आणि त्या चुकीच्या तुकड्यावर आज हेलिपॅड उभं आहे आणि त्यावर हेलिकॉप्टरं उतरताहेत. इतिहास म्हणून या सगळ्या चुका. भाषा म्हणून या सगळ्या खऱ्या.

मात्र एक गोष्ट मला खटकते आणि ती सांगायलाच हवी. हल्ली फिरत्या मेसेजमध्ये रोज कुठल्या ना कुठल्या शब्दाची फोड येते, जगातला प्रत्येक शब्द ओढून ताणून आपलाच कसा हे दाखवणारी. भाचीच्या बेडकात आणि त्या मेसेजमध्ये मला फार मोठा फरक दिसतो. तिनं विचारलं होतं, कशावरून. ते विचारत नाहीत. आणि हा वाद आपल्याकडे किती जुना, किती प्रामाणिकपणे झालेला आहे! शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात यास्कानं तो नोंदवून ठेवलाय, शाकटायन आणि गार्ग्य या दोन जुन्या अभ्यासकांमधला. शाकटायनाचं म्हणणं, सगळी नामं धातूंपासूनच निघालीत. गार्ग्य म्हणतो, सगळी नाही. अश्व जर 'वाट व्यापतो' म्हणून अश्व, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकाला अश्व म्हणायला हवं, टोचतं म्हणून तृण, तर टोचणारं सगळंच तृण व्हायला हवं. यास्क स्वतः शाकटायनाच्या बाजूचा, पण गार्ग्याचा आक्षेप तो पूर्ण मांडतो, एकेक करून, आणि मग उत्तर देतो की व्यवहारात बघा, फिरतात तर पुष्कळ जण, पण परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, काहींनाच म्हणतात. मला हे उत्तर पूर्ण पटतं असं नाही, मन गार्ग्याकडे झुकतं माझं, कुठेतरी काही शब्द निव्वळ शब्द असतील, आत काही नसलेले, बेडकासारखे. पण विरोधकाचं म्हणणं एवढ्या नीट सांगून मग आपलं मांडायचं, हे मला त्या दोघांच्या मतांपेक्षा जास्त भावतं.

आणि जोडकाम आज थांबलेलं नाहीये, उलट जोरात चालू आहे. टंकलेखन हा घडवलेला शब्द, त्यातून लोकांनी टंकणे असं क्रियापद खेचून काढलं आणि इंटरनेटवर 'हे मी घाईत टंकतोय' असं बिनदिक्कत लिहायला लागले. गुगलून बघ. दादागिरीतली गिरी सुटून भाईगिरीला लागली, गांधीगिरीला लागली. पणा तर कशालाही लागतो, बोअरिंगपणा, कूलपणा. मी गेले काही दिवस एकाच गोष्टीकडे कान लावून आहे, बाहेरून आलेला शब्द सामान्यरूप कधी घेतो. बँक घेऊन मोकळी झाली, बँकेत म्हणतो आपण, बँकमध्ये असं क्वचित. कंपनीत. टेबलावर आणि टेबलवर दोन्ही चालतात. ऑफिसात म्हणणारे आहेत आणि ऑफिसमध्ये म्हणणारे आहेत, आणि एकच माणूस सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं म्हणतो. इंटरनेटावर कुणीच म्हणत नाही. मोबाईलवर सगळेच म्हणतात, पण घरातली वडीलधारी माणसं रागावली की 'मोबाईलात डोकं घालून बसलेत' म्हणतात, तो आ त्यांनी अगदी सहज लावलेला असतो, शब्दाला घरात घेऊन टाकलेलं असतं. मध्ये, वर, साठी हे मूळ शब्दाला न वाकवताही लागू शकतात, त्यामुळे नव्या पाहुण्याला काही दिवस त्यांच्या आधारानं ताठ राहता येतं. रीलचं तर अजून लिंगच ठरलेलं नाही, कुणी ती रील म्हणतं, कुणी ते रील, कुणी तो. ते ठरल्याशिवाय पुढचं ठरणार नाही, कारण ते रील असेल तर रिलात होईल आणि ती रील असेल तर रिलीत किंवा रिलेत. तोवर सगळे रीलमध्ये म्हणून वेळ मारून नेतायत. भाचीला विचारलं तर ती विचार न करता म्हणाली, रिलीत.